नामियोसेचा महाचुंबक

दार उघडायला अजून वेळ होता, आणि आमच्या बाजारगल्लीत छत्र्यांच्या बंद पडलेल्या दुकानासमोर बायकांची रांग थेट मासळीबाजाराच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. जानेवारीतला समुद्राचा वारा म्हणजे कान कापून हातात देणारा. तरी एकही बाई हलायला तयार नाही. कुणी घरून उशी आणलेली, कुणी थर्मासमधून चहा. ज्या गल्लीत कित्येक वर्षांत मांजराशिवाय कुणी धावलं नव्हतं, तिथे दार वर सरकल्याबरोबर सत्तरीच्या म्हाताऱ्या धावल्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गुडघे दुखतात म्हणून आलेल्या बायका पुढची खुर्ची मिळावी म्हणून पळत होत्या, आणि यात काही विचित्र आहे असं त्यांच्यातल्या एकीलाही वाटलं नाही.

आत कुरोसु उभा. वय तिशीच्या आसपास, अंगात पांढरा कोट, दात इतके पांढरे की कोट मळका वाटावा. तो प्रत्येकीला नावानिशी ओळखायचा आणि प्रत्येकीला आई म्हणायचा. आमच्या नामियोसे गावातली खरी मुलं तोक्योला जाऊन बसलेली, वर्षातून एकदा नवीन वर्षाला तोंड दाखवणार. मग रोज सकाळी कुणी आई म्हणणारा भेटला तर बाई जाणारच. त्यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही. हसण्यासारखं पुढे आहे.

"आज दहा येनमध्ये अंड्यांचा पुडा कुणाला हवाय?" कुरोसु विचारायचा.

सगळ्यांनी हात वर करून ओरडायचं, मला. मग पाव. मग सोयासॉसची बाटली. रोज हाच प्रकार. मी जत्रेत गाळा लावणारा माणूस. बुचाच्या बंदुकीने खेळणी पाडा आणि घेऊन जा, असा माझा धंदा. गिऱ्हाईक कसं तापवायचं ते मला कुणी शिकवायला नको. अंड्यासाठी रोज हात वर करायची सवय लागली, की एक दिवस मोटारीच्या किमतीच्या वस्तूसाठीही हात आपोआप वर जातो. बाईला वाटतं आपण अंडी लुटून नेतोय. अंडी तिला घरापर्यंत सोडायला आलेली असतात, पत्ता बघून ठेवायला.

पण अंड्यांसाठी एवढी गर्दी होत नाही. गर्दी होती ती महाचुंबकासाठी.

मध्यभागी टेबलावर एक काचेचं भांडं. त्यात कुरोसु एका पिंपातून धुरासारखं काहीतरी ओतायचा. पांढरा धूर टेबलावरून खाली सांडायचा, पहिल्या रांगेच्या पायांपर्यंत यायचा, आणि बायका पाय वर घ्यायच्या. मग चिमट्याने तो एक चकाकता तुकडा त्या धुरावर ठेवायचा. तुकडा खाली पडायचा नाही. हवेत तरंगत राहायचा. कुरोसु त्याला बोटाने टिचकी मारायचा, तो जागच्या जागी गरगर फिरायचा. वरून दोरा नाही, खालून काडी नाही. कागदाची पट्टी मधून फिरवून दाखवायचा.

"हे अतिसंवाहक महाचुंबकाचं सामर्थ्य," तो आवाज खाली आणून म्हणायचा. "जे लोखंडाला उचलतं, ते तुमच्या हाडाला उचलणार नाही का, आई?"

बायका माना हलवायच्या. हाड उचलून काय करायचं, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

टेबलाच्या बाजूला खरा देव. वॉशिंग मशीनएवढं पांढरं पिंप, मध्ये गोल भोक, शेजारी आरामखुर्ची. भोकात हात नाहीतर पाय घालायचा. त्याआधी कुरोसु स्वतःच्या हाताने तुमच्या मनगटावर किंवा गुडघ्यावर एक शेकपुडी, म्हणजे आपोआप गरम होणारी चिकट पुडी, चिकटवणार. चुंबकाची शक्ती त्यामुळे आत कोंडून राहते म्हणे. मग आडोसा लावून पडद्यावर तुमच्या हाडांचं चित्र, फक्त तुम्हाला. पहिल्या दिवशी हाडावर काळा डाग. डाग म्हणजे तुंबलेलं रक्त. रोज येऊन बसलं की डाग फिका होत जाणार, महिन्याभरात हाड पांढरं स्वच्छ. चित्र घरी न्यायला मात्र मिळणार नाही, कारण नेलं की त्यातली शक्ती उतरते. आणि महिना संपला की हीच शक्ती घरी नेण्यासाठी एक छोटं पिंप विकत मिळणार होतं. त्याची किंमत कुरोसु अजून सांगत नव्हता. फक्त म्हणायचा, ज्या आईला स्वतःच्या हातापायांची किंमत कळते तिला ती जास्त वाटणार नाही.

आमच्या गल्लीतल्या सायोआजीने तर कमाल केली. कित्येक महिने तिला बरणीचं झाकण फिरवता येत नव्हतं. पिंपात हात घालून बसल्यावर तिने सगळ्यांदेखत खारवलेल्या आलुबुखारांची बरणी उघडली. टाळ्या पडल्या. एक बाई रडली. मी शेवटच्या रांगेत तोंडाला रुमाल लावून बसलो होतो आणि झाकणाकडे बघत होतो. ती बरणी कुरोसुची होती, आणि ते झाकण आधीच अर्धं फिरवलेलं होतं. अशी झाकणं मी जत्रेत लहान पोरांना उघडायला देतो.

हे सगळं मी पोट धरून हसत बघितलं असतं आणि घरी गेलो असतो. गल्लीतल्या बायकांची फजिती हा माझ्या करमणुकीचा भाग आहे, लपवत नाही. पण पहिल्या रांगेत माझी बहीण बसलेली होती.

तोकिएताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून रताळ्याचं वाळवण एकटी करते. आमच्या किनाऱ्यावर थंडीत हाच धंदा. रताळी वाफवायची, चटके बसत असतानाच छोट्या सुरीने सोलायची, तारांच्या चौकटीतून दाबून काप काढायचे आणि समुद्राच्या वाऱ्यात चटयांवर मांडायचे. गार झालं की साल निघत नाही, म्हणून थांबता येत नाही. सकाळपासून अंधार पडेपर्यंत उजवं मनगट एकाच बाजूला वळतंय. शरद ऋतूपासून तिचं ते मनगट ठणकायला लागलं. शेजारच्या गावात नुमाजिरी डॉक्टरीणबाईंकडे मीच तिला गाडीतून नेलं, म्हणून बाई जे बोलल्या ते माझ्यासमोर बोलल्या. एक्स-रे स्वच्छ होता. पण बाईंनी मनगटाच्या मधोमध दाबलं तशी ताई कळवळली. तिथल्या एका छोट्या हाडाला रक्त पोचत नसावं असा त्यांना संशय आला. सुरुवातीला हे एक्स-रेत दिसत नाही, म्हणाल्या. एमआरआयमध्ये दिसतं. वेळेत कळलं तर हाड वाचवता येतं. नाही कळलं आणि असंच सोलत राहिली, तर ते हाड आतल्या आत चुरून जाईल, आणि मग सुरीच काय, भाताची वाटीही नीट धरता येणार नाही. एमआरआयची तारीख दिली. पुढच्या मंगळवारची.

सोमवारी मी ताईला विचारलं, उद्या किती वाजता गाडी आणू.

"नको आणूस. मी फोन करून नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली. हात रताळ्यावर चालूच होता. "माझा चुंबकाचा फोटो झाला."

"कुठे?"

"कुरोसुकडे. डाग निम्म्याने कमी झालाय. शिवाय तो नुसता फोटो काढून सोडत नाही, बरं पण करतो. तुझी डॉक्टरीण करते का?"

"ताई, तो चोर आहे."

"आणि तू कोण? बुचाच्या बंदुका वाकड्या करून पोरांचे पैसे खाणारा." सुरी खाली ठेवून तिने मनगट चोळलं. "शिगे, तो रोज विचारतो, आई, आज दुखतंय का. तू कधी विचारलंस?"

मी एक रताळं उचललं आणि तिने माझ्या हातावर चापट मारली.

मी तसाच गाडी काढून नुमाजिरी बाईंकडे गेलो. म्हटलं, तुम्ही फोन करा, दटावा तिला. बाई पन्नाशीच्या, बोलायला कोरड्या. त्या म्हणाल्या, मी दटावलं की ती कुरोसुकडे दुप्पट वेळ बसेल. मग मी त्या तरंगणाऱ्या तुकड्याचं सांगितलं. खरं सांगायचं तर मला तेवढं एकच कोडं सुटलं नव्हतं. हातचलाखी मी लांबून ओळखतो, पण तिथे हातचलाखी नव्हती.

"नाहीच आहे. ते खरं आहे," बाई म्हणाल्या. "शाळेतल्या मुलांना दाखवतात ते. काळी टिकली असते, बिस्किटाएवढी. तिच्यावर द्रव नायट्रोजन ओतून खूप थंड केली की चुंबक तिच्यावर तरंगतो. त्या दुकानात खरी वस्तू तेवढी एकच आहे."

"म्हणजे ते पिंप?"

"चला, खरं पिंप दाखवते."

खोलीच्या दाराशी त्यांनी मला थांबवलं. किल्ल्या, पाकीट, घड्याळ, पट्टा सगळं ट्रेमध्ये. मग विचारलं, अंगावर शेकपुडी लावलीय का. थंडीत आमच्याकडे कुणाच्या अंगावर नसते? एक कमरेला, एक पोटाला. सदऱ्याच्या आतून चिकटवायची, दिवसभर ऊब. मी म्हटलं, राहू द्या ना, बाहेर गारठा आहे.

"काढा," बाई म्हणाल्या. "आत लोखंडाची भुकटी असते. ती गंजते म्हणून तर गरम होते. लोखंड घेऊन मी कुणालाही त्या यंत्राजवळ जाऊ देत नाही. थंडीत रोज प्रत्येकाला हेच विचारावं लागतं, आणि तरी रोज कुणीतरी विसरतं."

मी एका हाताने पोटावरची पुडी सोलून काढत होतो आणि माझ्या डोक्यात गाळ्यावरचे सगळे दिवे एकदम लागले. पण म्हटलं, आधी बघू.

ते यंत्रही छोटंच. खुर्चीत बसायचं, हात किंवा पाय तेवढा भोकात घालायचा, बाकीचे तुम्ही बाहेर. कोपऱ्यातून सारखा टुक-टुक आवाज येत होता. बाई म्हणाल्या, आत तारेची वेटोळी आहेत. ती अतिशय थंड ठेवली की त्यांतून वीज अडथळ्याशिवाय फिरत राहते, आणि त्याचा चुंबक होतो. आवाज त्या थंड ठेवणाऱ्या पंपाचा. रात्री, सुट्टीच्या दिवशी, दिवाळखोरीतसुद्धा चालूच. हा चुंबक बटण दाबून बंद करता येत नाही. मग त्यांनी कागद लावायची टाचणी दोऱ्याला बांधली, दोरा मुठीत गच्च धरला आणि भोकाच्या दिशेने हात नेला. टाचणी उठली. दोरा आडवा ताणला गेला, कुत्रं साखळीला ओढ देतं तसा.

"आणि हे बरं काय करतं?" मी विचारलं.

"काही नाही. फोटो काढतं. फोटो काढल्याने कुणाचं नाक सरळ झालेलं ऐकलंय?"

मी घरी येईपर्यंत गाडीत एकटाच हसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे ज्या मंगळवारी ताईने एमआरआयला जायला हवं होतं त्याच दिवशी, मी ताईच्याच वाफेच्या भांड्यातून रताळी उचलली. एक जाडजूड, मनगटासाठी. पाच लांबट, बोटांसाठी. कामाच्या पांढऱ्या सुती हातमोज्यात ती भरली, वर दवाखान्यातली पट्टी गुंडाळली, आणि जत्रेतल्या माझ्या जाड कापसाच्या कोटाच्या डाव्या बाहीतून बाहेर काढून ठेवली. माझा खरा डावा हात कोटाच्या आत पोटाशी, मूठभर शेंगदाणे घेऊन आरामात.

कुरोसु रोज एका नव्या गिऱ्हाइकाला सगळ्यांसमोर पिंपात हात घालायला लावायचा. मी हात वर केला. उजवा.

"या काका, या. काय होतंय?"

मी रडवेलं तोंड करून सांगितलं की डावं मनगट रात्रभर ठणकतं, त्यात परवा तेलाने भाजलं, म्हणून कृपा करून पट्टी सोडू नका आणि हात लावू नका, चित्र मात्र सगळ्यांसमोर दाखवा, म्हणजे मला धीर येईल. पहिल्या रांगेतून ताई डोळे बारीक करून बघत होती. हा भाजला कधी, एवढंच तिच्या तोंडावर लिहिलेलं.

"पट्टीच काय काका, भिंत मध्ये असली तरी महाचुंबकाला दिसतं," कुरोसु म्हणाला. बायका कौतुकाने हसल्या. त्याने पट्टीवर शेकपुडी चिकटवली, अगदी हळुवार, आणि माझं रताळं भोकात सरकवलं. पिंप गुणगुणायला लागलं. घरच्या पंख्यासारखा आवाज होता. पंखाच असणार. मी आरामखुर्चीत रेलून कोटाच्या आत शेंगदाणे सोलत बसलो. कुरोसु भाषण देत होता आणि बोलता बोलता त्याचा डावा पाय गालिच्याच्या कडेवर सरकला. मी वाटच बघत होतो. गालिच्याखाली बटण असणार; पाय दाबला, चित्र आलं.

पडद्यावर हात. माणसाचा. पाच बोटं, मनगटातली छोटी छोटी हाडं, आणि मधल्या हाडावर जर्दाळूच्या बीसारखा काळा डाग.

"बघा, आयांनो. इथे रक्त तुंबलंय," कुरोसुने काठी लावली. "काका, तुम्ही लहानपणापासून सगळ्यांचं ओझं या हातावर घेतलंत. मनातलं कुणाला सांगितलं नाहीत. ते सगळं इथे साठलंय. पण घाबरू नका. हाड जिवंत आहे. मला त्याची हाक ऐकू येतेय."

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"म्हणतंय, मला वाचवा."

"खरं आहे त्याचं," मी म्हटलं, आणि हात बाहेर काढून पट्टी सोडली.

शेकपुडी बाजूला ठेवली, हातमोजा उलटा केला, रताळी मांडीवर ओतली. मग कोटाच्या आतून माझा खरा डावा हात काढला, मांडीवरचं जाड रताळं उचललं आणि सगळ्यांसमोर एक घास घेतला. शेकपुडीवर चांगलं कोमट झालेलं. हे तुमचं तुंबलेलं रक्त, मी म्हटलं, थोडं गोड आहे.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं छप्पर उडेल. पन्नास बायका रताळ्याकडे बघत होत्या आणि पडद्यावर अजून माणसाचा हात होता. कुरोसु मात्र पक्का. एका श्वासात सावरला. म्हणाला, महाचुंबकाने रताळ्यातून पलीकडे तुमचा हात पाहिला, काका, तो कोटात होता ना, भिंत असली तरी दिसतं असं मी म्हणालोच होतो. आणि दोन-तीन बायकांनी मान हलवली. माझ्या हातातलं रताळं पडायचं बाकी राहिलं. एवढी वर्षं मी जत्रेत लोकांना फसवून पोट भरतोय, पण माझ्या गिऱ्हाइकांनी माझ्या बाजूने कधी असं भांडण केलं नव्हतं.

तेवढ्यात ताई उठली. ती पडद्याजवळ गेली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्या काळ्या डागावर बोट ठेवलं. ती रोज याच्यासमोर बसत होती. डाग किती कमी झाला, कुठली कड आधी फिकी झाली, हे तिला पाठ होतं.

"हे माझं हाड आहे," ती म्हणाली.

हळू म्हणाली, पण दुकानात सगळ्यांना ऐकू गेलं. मागून एकजण उठली, म्हणाली, नाही, हे माझं, ही खालची बारीक रेघ माझ्या मनगटात आहे. तिसरी म्हणाली, मलाही हीच दाखवली. आजवर कुरोसु एकेकीला आडोशाला चित्र दाखवायचा आणि घरी न्यायला द्यायचा नाही, ते का, हे आता कुणाला समजावून सांगायची गरज राहिली नाही.

मग मी उरलेलं काम उरकलं. दोऱ्याला बांधलेली टाचणी खिशातून काढली आणि महाचुंबकाच्या भोकात लोंबकळत धरली. टाचणी सरळ खाली. डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पिंपाला आपटली. लोंबणारी ती लोंबतच राहिली. मग दुसऱ्या खिशातून माझ्या गाळ्यावरचं बक्षीस काढलं. फ्रिजला चिकटवायचा हिरवा बेडूक, पाठीला नखाएवढा चुंबक. टाचणी उडी मारून बेडकाला चिकटली. शेकपुडीजवळ बेडूक नेला, तशी अख्खी पुडी उचलली जाऊन बेडकाला लटकली.

मी म्हटलं, या पुडीत लोखंडाची भुकटी आहे. नुमाजिरी बाईंच्या दवाखान्यात खरा चुंबक आहे, तिथे ही पुडी लावून खोलीतसुद्धा जाऊ देत नाहीत. आणि हा तुमचा कुरोसु स्वतःच्या हाताने ती चिकटवून हात आत घालायला सांगतो. इतक्या दिवसांत एक तरी पुडी हलली का? याच्या महाचुंबकापेक्षा माझा बेडूक भारी.

आता हसल्या. आधी एक, मग सगळ्या, आणि कुरोसु धुराच्या पिंपाचं झाकण लावायला लागला.

फक्त सायोआजी हसली नाही. "पण शिगेओ, मला खरंच बरं वाटत होतं," ती म्हणाली. "ते पण खोटं का?"

"ते खरं होतं, आजी. पुडीने मनगट शेकलं गेलं आणि रोज अर्धा तास तू हात हलवला नाहीस. घरी बसून शेकलं असतंस तरी वाटलं असतं."

"घरी मला अर्धा तास कोण बसू देतं?" सायोआजी म्हणाली.

मी बेडूक खिशात टाकला. बायका हळूहळू उठल्या. त्या दिवशीची अंडी कुणी घेतली नाहीत, असं लिहायला मला आवडलं असतं, पण घेतली. संध्याकाळपर्यंत छत्र्यांच्या दुकानाचं दार खाली आलं, आणि कुरोसु पिंपासकट गायब. दुसऱ्या कुठल्या तरी किनाऱ्यावर, दुसऱ्या कुणाला तरी आई म्हणत असेल.

ताई माझ्याकडे न बघता एकटीच घरी गेली. चार बायकांत तिचं हसं झालं होतं आणि ते मी केलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी. हिवाळी कोट घातलेला, केसांत एकही पिन नाही.

"गाडी काढ," म्हणाली.

नुमाजिरी बाईंनी तारीख वगैरे काही विचारलं नाही. ताईला खुर्चीत बसवलं, उजवा हात आत घेतला, आणि हलवू नका म्हणून उशांनी बांधून टाकला. यंत्राने टकटक, खडखड, मध्येच घूं असा आवाज काढला. कुरोसुच्या पंख्यासारखं गोड काहीच नव्हतं. ताईने डोळे मिटून घेतले होते. मी काचेबाहेरून बघत होतो. तिची डावी मूठ सारखी उघडत होती आणि मिटत होती.

चित्र आलं. छोटी छोटी हाडं पांढरट, आणि मध्ये एक काळंभोर.

बाईंनी सांगायला सुरुवात केली तशी ताईने त्यांना थांबवलं.

"डॉक्टरीणबाई, माझा दुसरा हात घाला."

"तो दुखतोय का?"

"नाही. म्हणूनच घाला. बघू दे मला वेगळं येतं का."

मी मनात म्हटलं, आता बाई हिला बाहेर काढणार. पण बाई उठल्या आणि स्वतः उशा सोडवून डावा हात आत बांधला. पुन्हा टकटक, खडखड. पुन्हा आम्ही वाट बघत बसलो. दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. डावीकडचं ते हाड बाकीच्यांसारखंच पांढरट होतं. उजवीकडचं काळं. बोटंही वेगळी, डावी करंगळी किंचित वाकडी, लहानपणी दारात सापडलेली.

"ही माझीच," ताई करंगळीकडे बघत म्हणाली. मग तिची नजर परत काळ्या हाडावर गेली, आणि या वेळी ती तिथून हलली नाही. "आता सांगा."

बाईंनी सांगितलं. हाडाचं रक्त बंद पडलंय, पण ते अजून चुरलेलं नाही, आकार शाबूत आहे. कोपराकडून येणारं लांब हाड जरा आखूड केलं की या छोट्या हाडावरचा भार कमी होतो. शस्त्रक्रिया, मग प्लॅस्टर, मग व्यायाम. हात वाचेल याची खात्री देता येत नाही, पण संधी चांगली आहे. अजून महिनाभर सोलत बसला असतात, तर मी हे बोलले नसते, म्हणाल्या.

"आणि हंगाम?"

"हा हंगाम गेला," बाई म्हणाल्या.

ताईने कोट उचलला, बाही चढवताना उजव्या हाताला दुखलं, तिने ओठ दाबले. "मग उरलेली रताळी शिगे सोलेल," ती म्हणाली. "रताळ्याचं सगळं येतं त्याला."

तर सध्या मी सकाळपासून चटके खात रताळी सोलतोय, आणि मधल्या सुट्टीत हे लिहितोय. तुमच्याही गावात कुणीतरी कोट घालून येईल. पिंप नसेल, दुसरं काहीतरी असेल. धूर निघेल, वस्तू तरंगेल, आणि ती वस्तू खरंच तरंगत असेल, कारण पक्का चोर थोडं विज्ञान खरं आणतो आणि त्याच्या आडोशाला बाकीचं खोटं विकतो. तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी ताईने केलं तेवढंच करा. म्हणा, माझा दुसरा हात घाला. जो खरा आहे तो वैतागेल, पण घालेल. जो खोटा आहे तो तुम्हाला आई म्हणेल.